टायरला लावलेलं तेल

आमच्या आबांचं एकच पालुपद: "पुढला बिरेक कसाले दाबा रे?" सकाळी चहा घेताना तेच, शिफ्ट संपवून आल्यावर तेच, जेवताना तर हमखास. ऐकणारा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा लोकेश, कॉटवर मान खाली घालून बसलेला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही.

मला राग येत नव्हता असं कोणी समजू नये. मी या घरची सून, विशाखा. राग इतका यायचा की भाकरी थापताना परात आपटायचे. कारण ब्रेकचा काही दोष नव्हता.

शहाण्णव सालच्या जयंतीला आमच्या नवागाम वस्तीतून मोटारसायकलींची रॅली निघणार होती. लोकेशच्या गाडीला निळा झेंडा लावायचा होता. आदल्या संध्याकाळी आबांनी गाडी धुतली, पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यातून आणलेलं लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, तेल फडक्यावर घेतलं आणि दोन्ही टायर पुसले. कडाही पुसल्या आणि रस्त्याला टेकतो तो भागही. टायर काळेभोर चमकायला लागले. आयुष्यभर लोखंडाला तेल पाजलेल्या माणसाला रबराचं काय ठाऊक! गल्लीभर कौतुक झालं, मीही केलं.

सकाळी पहिल्याच वळणावर समोर रिक्षा अचानक थांबली. लोकेशने दोन्ही ब्रेक दाबले, तेही बेताने, मेकॅनिकने शिकवले होते तसे. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. टायरने रस्ता धरलाच नाही. लोकेश घसरत बाजूच्या टेम्पोखाली गेला.

दवाखान्यात त्याने मला बजावलं, "आबांना तेलाचं कळता कामा नये. मी पुढचा ब्रेक जोरात दाबला, असंच सांगायचं." आबांनी तेव्हा अन्न सोडलं होतं. ब्रेकचं ऐकलं आणि ते उठून बसले, तावातावाने मुलाला बोलू लागले आणि बोलता बोलता जेवले. मग मी काय तोंड उघडणार?

वर्ष असंच गेलं. जयंती पुन्हा जवळ आली. शेजारचा लोटू नवी मोपेड घेऊन दारात आला. "आबा, लोकेशच्या गाडीसारखे टायर चमकवून द्या ना." आबा खूश झाले. त्यांनी बाटली काढली, फडकं घेतलं.

"आबा, ऱ्हाऊ द्या!" लोकेश कॉटवरून ओरडला. का, ते मात्र त्याच्या तोंडून निघेना. लोटूच्या बायकोला सातवा महिना होता. मी आबांच्या हातातलं फडकं ओढलं आणि लोटूसमोरच सगळं सांगून टाकलं. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

लोटू मोपेड ढकलत निघून गेला. आबा उंबऱ्यावर बसले. त्यांनी लोकेशला विचारलं, "तुले कवय समजनं?"

"पडनू तवयच. हातले तेल लागनं."

"मंग वरीसभर माले बोलू कसाले दिधं?"

"माले बोलतस, म्हनीसन दोन घास खातस, आबा."

त्यानंतर आबांनी लोकेशला वाकडा शब्द म्हणून ऐकवला नाही. ताट वाढलं की "भूक नही" म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. लोकेश कॉटच्या काठाशी सरकतो, त्यांच्या पाठीकडे बघत विनवतो, "आबा, बोला ना माले."