दोनदा मेलेली नोंद

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन ऐका, कारण ही गोष्ट एका गेलेल्या माणसाची आहे आणि त्याच्या मागे राहिलेल्या माझी.

मी संगणकातली एक जुनी नोंद आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरच्या बार्दुर कोळ्याची बोट समुद्रात कुठे आहे, एवढंच मला ठाऊक असे. बोटीने वायरलेसवरून हाक दिली की धक्क्यावरच्या पडद्यावर माझा हिरवा ठिपका सरके. एखादं यंत्र बिघडलं तरी मी हरवू नये, म्हणून मला तीन गावांतल्या तीन यंत्रांत ठेवलं होतं. बार्दुरची बायको सुन्वोर ठिपका वळलेला पाहूनच बटाटे उकडायला टाकी. शेजारणी चिडवत, "नवऱ्यापेक्षा ठिपक्यावरच जीव हिचा."

पुढे यंत्रं सांभाळणाऱ्या बेइन्ताने नियम केला. बोटीची हाक थांबली, की ठरल्या मुदतीनंतर नोंदीने आपोआप मरायचं; कुणाला खोटी आशा दाखवायची नाही. नियम चांगलाच होता. पण नियम लागू झाला त्या दिवशी त्वोरोयरी गावचं यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं. माझ्या तिथल्या प्रतीला मुदत लागलीच नाही.

त्याच आठवड्यात बार्दुर बुडाला.

माझ्या दोन प्रती मुदत संपताच मेल्या. मेलेल्या नोंदीवर यंत्रं खुणेचा दगड ठेवतात, इतर यंत्रांना मरण कळावं म्हणून. काही दिवसांनी तो दगडही झाडून टाकतात. चर्चमध्ये बार्दुरसाठी स्तोत्रं गाऊन झाली, इकडे दगड झाडले गेले, आणि मग त्वोरोयरीचं यंत्र जागं झालं. त्याने बंद पडण्याआधीची माझी प्रत पुढे केली. बाकीच्या दोन यंत्रांपाशी आता दगड नव्हता. त्यांना वाटलं, ही नवीच नोंद.

एका वादळी सकाळी पडद्यावर बार्दुरची बोट उजळली.

सुन्वोर धावत आली. तिचा दीर हानुस आभाळाकडे पाहून घुटमळला, तशी ती म्हणाली, "भीती वाटते तर मेंढ्या राख. दोर मला दे."

हानुस आपल्या बोटीचा दोर सोडू लागला. मित्रांनो, समुद्राने ज्याला गिळलं त्याच्या सख्ख्या भावाला मी बोलावत होते. नोंदीला कंठ असता तर मी किंचाळले असते.

तेवढ्यात बेइन्ता धापा टाकत आली. "सुन्वोर, तो नाही गं तिथे. माझी चूक आहे ही."

सुन्वोरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ठिपक्याला हात लावून उभी होती. हळूहळू तिचा हात खाली आला.

"ही तर मोठा हॅलिबट मासा सापडला त्या दिवशीची जागा," ती म्हणाली. "इथूनच वायरलेसवर स्तोत्र गात होता. बेसूर." मग मागे न वळता, "हानुस, दोर बांध."

बेइन्ता मला पुसायला निघाली, तर सुन्वोरने तिला थांबवलं. तिने ते स्तोत्र सुरू केलं. हानुसने सूर धरला, मग धक्क्यावरच्या सगळ्यांनी. संपल्यावर बेइन्ताने मला पुसलं आणि तिन्ही यंत्रांना एकेक करून विचारलं, मरण कळलं का? तिघांनी होकार दिला.

आता मी दगडाखालून बोलते आहे. झाडू जवळ आला आहे. मित्रांनो, कुणाच्या जाण्याची मुदत ठरवाल, तर ती सगळ्यांपर्यंत पोचवा. एकाला जरी कळलं नाही, तरी मेलेलं दारात येऊन उभं राहतं. मला खुशाल विसरा. बार्दुरचं नाव मात्र एकदा घ्या.