दोन बागांची फेरी

अक्षयाचे वडील वारल्यावर सखारामकाकांनी पूर्णगडच्या आंब्याच्या बागेचे दोन भाग केले. "वहिनी, चालून बघा. दोन्हींची फेरी दोनशे चाळीस पावलंच भरते," ते म्हणाले. आईने चालून बघितलं आणि विश्वासाने वाटणीच्या कागदावर सही केली.

यंदा अक्षयाने रत्नागिरीच्या कॉलेजात व्यावहारिक गणित घेतलं. फेरी सारखी असली तरी क्षेत्रफळ सारखं असेलच असं नाही, हे तिथे कळलं. रविवारी तिने टेपने दोन्ही बागा मोजल्या. मायलेकींची बाग लांबट, चिंचोळी होती. काकांची चौरस, क्षेत्रफळाने जवळजवळ दुप्पट.

"काका, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"तुझ्या आईने तेव्हा विचारलं नाही," काका बांधाकडे बघत म्हणाले.

अक्षयाने घरी येऊन हे आईला सांगितलं. आईने उठून काकांच्या अंगणाकडचं दार लावून घेतलं.