चौदा पूर्णांक दोन

"चौदा पूर्णांक दोन," बाई फोनवर म्हणाल्या.

"मशीन एकोणीस सांगतंय," पलीकडून डॉक्टरीणबाई बोलत होत्या. "मागच्या वेळी बारा होतं. म्हणजे गाठ वाढलीच की! सोमवारी पुन्हा ऑपरेशन करायचं ठरतंय."

"मशीनने कडेचं साकळलेलं रक्तही गाठीत धरलंय, डॉक्टर. गाठ औषध टोचल्यावरच पांढरी दिसते, हा भाग त्याआधीच्या फोटोतही पांढराच आहे. ते मागच्या ऑपरेशनचं रक्त आहे, गाठ नाही."

"खात्री आहे तुमची?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न बाईंना कितीदा तरी विचारला गेला होता, आणि 'हो' म्हणायला त्यांना कधी क्षणभरही लागला नव्हता. आज त्यांनी 'हो' म्हटलं नाही.

"मी वर येते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इस्पितळाच्या तळघरात बाईंची खोली होती. मेंदूत गाठ झालेल्या माणसांचे स्कॅन तिथे यायचे, पावाच्या चकत्यांसारखे, एकेका माणसाचे शेदीडशे फोटो. प्रत्येक चकतीवर गाठीची कड आखायची, सगळ्या चकत्या मिळून गाठ किती घन सेंटिमीटर ते काढायचं, वाढत्या गाठीत रक्त जास्त फिरतं म्हणून तोही आकडा बघायचा. अलीकडे हे काम मशीन चुटकीसरशी करायचं. पण बाईंनी डोळ्यांत तेल घालून तपासल्याशिवाय आकडा वर जात नसे. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणायचे. माणसं त्यांना दिसत नसत. दिसायचे ते नंबर.

या एका नंबराला मात्र चेहरा होता.

बाईंच्या भिंतीपलीकडे लिफ्टच्या मिस्त्रींची खोली होती. सतरा वर्षं दोघांचा चार वाजताचा चहा एकत्र झाला होता. मिस्त्री विधुर. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. बाईंनी लग्न केलं नव्हतं. भावंडं मार्गी लावता लावता वय निघून गेलं आणि मग आईचं आजारपण आलं. एकदा कप विसळता विसळता मिस्त्रींनी सहज विचारावं तसं विचारलं होतं, "बाई, रविवारी काय करता?"

"आई असते ना घरी," बाई म्हणाल्या होत्या.

मिस्त्रींनी मान हलवली. पुढे आई गेली. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं नाही. आणि आपण होऊन आठवण करून द्यायची, तर बाईंची जीभ रेटेना. 'आज विचारतील, उद्या विचारतील' करत चार वर्षं गेली.

मग एक दिवस मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. "बाई, माझा तो... ते हो... ज्याने पिळतात ते... इथे राहिलंय का?"

"पाना?"

"हां, पाना!" ते हसले. "म्हातारा झालो बघा."

बाई हसल्या नाहीत. त्याच दुपारी त्यांनी मिस्त्रींना हाताला धरून वर तपासणीच्या खिडकीपर्यंत नेलं. महिन्याभरात ऑपरेशन झालं, मग किरणांचे उपचार झाले. गाठ बोलण्याच्या जागेला अगदी खेटून होती. तिथली सगळी काढता आली नव्हती. पुन्हा तिथे हात घातला तर उरलेसुरले शब्दही जातील, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

जिना चढताना बाईंच्या मनात एकच घोळत होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसं तर नसेल ना हे? रक्ताची कड स्पष्ट होती. पण आतल्या बाजूची एक रेघ धूसर होती, आणि ती त्यांनी आत धरली नव्हती. दुसऱ्या कुणाचा स्कॅन असता तर धरली असती का?

डॉक्टरीणबाईंसमोर त्या उभ्याच राहिल्या.

"डॉक्टर, या पेशंटला मी ओळखते. चांगलीच ओळखते. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. माझा आकडा बाजूला ठेवा. दुसऱ्या कुणाकडून तरी हाताने मोजून घ्या, आणि माझा आकडा त्यांना सांगू नका."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "नातेवाईक आहेत का?"

"नाही," बाई म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "नाही, नातं काही नाही."

मोजायला दिलं ते एक्स-रे विभागातल्या थोरल्या साहेबांकडे. बाईंच्या कामात खोट काढायची एकही संधी या गृहस्थांनी कधी सोडली नव्हती. दोन तास बाई खाली हात बांधून बसून राहिल्या. मग थोरले साहेब स्वतःच जिना उतरून आले.

"साडेचौदा," ते म्हणाले. "मोजून झाल्यावर तुमचा आकडा पाहिला. माझा शून्य पूर्णांक तीनने जास्त. आतली ती धूसर रेघ धरायला हवी होती, हात आखडता घेतलात."

"हो," बाई म्हणाल्या.

"बाकी रक्ताचं म्हणाल तर बरोबर आहे तुमचं. गाठीत रक्तही फारसं फिरत नाहीये. बारावरून जे वाढलंय ती किरणांची सूज आहे. मी तसं लिहून दिलंय." दारापर्यंत जाऊन ते वळले. "पाणी प्या थोडं. चेहरा बघा कसा झालाय!"

सोमवारचं ऑपरेशन थांबलं. सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला. तो थोरल्या साहेबांनीच मोजला. अकरा.

मिस्त्रींना दहा महिने मिळाले. काम सुटलं होतं, पण तपासणीला आले की चार वाजता ते खाली यायचेच. शब्द अडायचे, वाट बघितली की सापडायचे. बाईंना घाई नव्हती. एकदा ते म्हणाले, "दाखवा तरी, काय बघता माझ्या डोक्यात."

बाईंनी पडद्यावर चकत्या एकेक करून दाखवल्या. मिस्त्री लहान मुलासारखे वाकून बघत राहिले.

"इतकं सगळं दिसतं?"

"दिसतं."

"आणि मनातलं?"

बाईंचं बोट बटणावर तसंच राहिलं. "ते नाही दिसत यात."

"बरं झालं," मिस्त्री म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. "नाही... बरं नाही झालं. तुम्हाला... दिसायला..." पुढचं सापडेना. त्यांनी हाताने 'जाऊ दे' केलं. चहा संपवला. "येतो," म्हणाले. हा शब्द त्यांचा शेवटपर्यंत शाबूत होता.

अकराव्या महिन्यातला आकडा एकतीस आला. या वेळी रक्तही भरभरून फिरत होतं. थोरल्या साहेबांनी तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून जरा वेळ बसले. आता कुणाला फोन करायचा नव्हता, कुठला जिना चढायचा नव्हता. मुलगी येऊन मिस्त्रींना घेऊन गेली.

तीन रविवार बाईंनी कपडे धुण्यात आणि कपाट आवरण्यात घालवले. चौथ्या रविवारी सकाळच्या बसने त्या निघाल्या. दोन तासांचा प्रवास. हातात थोडी फळं. घर शोधायला वेळ लागला.

मिस्त्री घराच्या पायरीवर उन्हात बसले होते. अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात मोजे. फार वाळले होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कळेना. मुलगी हात पुसत बाहेर आली.

"बाबांचं बोलणं गेलंय हो पूर्ण. आपण कोण?"

"मी त्यांच्या इस्पितळातली," बाई म्हणाल्या.

"थांबा, खुर्ची आणते."

मुलगी आत वळली. मिस्त्रींनी एक हात पायरीवर टेकला. दुसऱ्या हाताने भिंत धरली. एवढ्यानेच त्यांना दम लागला, पण ते इंचाइंचाने बाजूला सरकले. भिंतीला अगदी टेकले तेव्हा थांबले.

मुलगी खुर्ची घेऊन आली, तेव्हा बाई पायरीवर बसल्या होत्या.