हौशीचे वजन मोठ्याने सांगितले तेव्हा

मी एक जुना वजनकाटा आहे. खाली उभे राहायला लोखंडी पाट, मागे छातीइतका उंच खांब आणि खांबावर आडवी पितळी दांडी. दांडीवरचे वजन हळूहळू पुढे सरकवायचे आणि दांडी स्थिर झाली की आकडा वाचायचा. मित्रांनो, मी कधी खोटे बोललो नाही, असे पुष्कळ वर्षे मी अभिमानाने म्हणत असे. आता म्हणायला जीभ रेटत नाही. का, तेच सांगतो.

जव्हार संस्थान होते तेव्हा बैलगाडीतून घाट चढून मी येथे आलो. मला वखारीत ठेवले. डोंगरातले लोक हिरडा, डिंक, मोहाची फुले डोक्यावर वाहून आणत आणि माझ्यावर ठेवत. सखा नावाचा तोलणारा दांडी जुळवी आणि आकडा तीनदा ओरडून सांगे. त्या लोकांना वाचता येत नव्हते, पण दहाजणांनी ऐकलेला आकडा मागाहून कोणाला बदलता येत नसे. म्हणून सखाच्या ओरडण्यावर त्यांचा विश्वास होता. त्या आवाजाचा मलाही अभिमान वाटे.

पुढे संस्थान विलीन झाले आणि वखार बंद पडली. दोन पावसाळे मी एका पडवीत गंजत पडलो. नंतर दवाखान्याला काटा हवा होता, तेव्हा कोणाला तरी माझी आठवण झाली. सखाला तेथेच शिपायाची नोकरी मिळाली होती. त्याने मला काथ्याने घासले, पांढरा रंग दिला आणि दवाखान्याच्या ओट्यावर, दाराजवळ उभे केले. दोघांनाही वाटले, आपले काम तेच आहे, फक्त जागा बदलली.

तेथे चंद्रकलाबाई नावाच्या नर्स होत्या. गरोदर बायांची तपासणी त्या करत. येणाऱ्या बहुतेक बाया काटकुळ्या. माझी दांडी जेमतेम हले आणि चंद्रकलाबाईंच्या कपाळाला आठ्या पडत. सखा आपला खणखणीत आवाजात सांगे, "शहाऐंशी रत्तल! शहाऐंशी!" आणि बाई आतून तो आकडा लिहून घेत. रत्तल म्हणजे अर्ध्या किलोला थोडे कमी.

ते साल चोपन्न असावे. बाजाराचा दिवस होता, ओटा माणसांनी भरला होता. साखरशेतच्या पुंजा मास्तरांची बायको हौशी पहिल्यांदाच तपासायला आली. अंगाने चांगली स्थूल होती ती. लहानपणापासून तशीच. तिचे पहिले मूल मोखाड्याकडे, माहेरी, जन्मतानाच गेले होते. त्यानंतर पाच वर्षांनी तिला दिवस गेले होते. मास्तर बाहेर बैलगाडीपाशी थांबले. ती पदर घट्ट लपेटून माझ्यावर चढली, तेव्हा तिचे पाय थरथरत होते. ते मला कळत होते.

सखाने वजन सरकवले, आणखी सरकवले, आणि सवयीने ओरडला, "एकशे अठ्ठ्याहत्तर रत्तल! एकशे अठ्ठ्याहत्तर!"

ओट्यावरची सगळी डोकी तिच्याकडे वळली. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, "दोन मणांच्या वरती भरली की गोण!"

सगळे हसले. हसणाऱ्यांत बायाही होत्या. कोणी म्हणाली, "आमचा खाना कमी पडते तो हिच्याकडं जाते वाटते." हौशीने खाली पाहिले. ती माझ्यावरून इतक्या घाईने उतरली की दांडी खडखडली. पायऱ्या उतरून ती गाडीत जाऊन बसली आणि मास्तरांना एवढेच म्हणाली, "चला."

चंद्रकलाबाई बाहेर आल्या. "कोण होती? आत का नाही आली?"

"मी नुसता वजन सांगला, बाई," सखा म्हणाला.

"कोणाला सांगितलंस?"

सखाने दांडीवरचे वजन मागे सरकवून ठेवले. मीही मनात म्हणालो, आकडा तर खरा होता. मित्रांनो, पुढचे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच समजावत होतो. पण माझ्या पाटाला ते थरथरणारे पाय आठवत राहिले. गोणीला लाज नसते, म्हणून गोणीचे वजन ओरडता येते. एवढी साधी गोष्ट मला कळायला हवी होती.

महिना गेला, दीड महिना गेला. हौशी आली नाही. शेवटी एके सकाळी चंद्रकलाबाई पिशवी घेऊन निघाल्या आणि सखाला म्हणाल्या, "तूही चल." साखरशेतला काय घडले ते मला नंतर कळले. हौशीनेच ते पुढे ओट्यावरच्या बाकावर बसून एका दुसऱ्या बाईला सांगितले.

ती घरी गेल्यापासून एकवेळच जेवत होती, तेही पातळ पेज. आकडा खाली उतरल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकायचे नाही, असे तिने ठरवले होते. विहिरीवर दोनदा तिला भोवळ आली. इकडे सासू धोंडीबाई रोज तुपाचे लाडू पुढे करी आणि म्हणे, "दोन जीवांचा खायला लागते." एक दिवस उपाशी राहायचे, दुसऱ्या दिवशी राहवले नाही की लाडू खायचे आणि मग मागीलदारी जाऊन रडायचे, असे चालले होते.

चंद्रकलाबाई चुलीपाशीच बसल्या. "हौशी, ही काय वजन उतरवायची वेळ आहे? पोटातल्या लेकरानं काय खायचं मग?"

"मी लठ्ठ आहे, बाई. पहिला लेकरू माझ्या लठ्ठपणानंच गेला, असा सगळी बोलतात."

"असं कोणालाच ठाऊक नाही. तुलाही नाही, मलाही नाही. उगाच तो दोष अंगावर घेऊ नकोस." मग त्या धोंडीबाईंकडे वळल्या. "आणि आजी, दोन माणसांचं जेवण नको. एकाच बाईचं, पण सकस. नाचणीची भाकर, डाळ, पालेभाजी, जमेल तसं दूध. लाडू आणि गूळ सणापुरते. रोज थोडं चालू दे तिला. अंग जड असलं तर रक्तदाब वाढायची, लघवीत साखर यायची भीती थोडी जास्त असते. म्हणून तर तपासणी चुकवायची नाही, आणि बाळंतपण दवाखान्यातच करायचं. पुष्कळ जड अंगाच्या बाया धडधाकट बाळंत होतात."

"मी त्या काट्यावर परत उभी राहणार नाय."

"नको राहूस. पण ये."

सखा उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याने टोपी काढून हातात धरली. "वहिनी, चुकला माझा," तो म्हणाला. हौशी त्याच्याकडे न बघता चुलीत लाकूड सारत राहिली.

ती आली. दर पंधरवड्याला येऊ लागली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहायचा, लघवी तपासायची, पोटाला हात लावून पाहायचा. तिच्या तपासणीत मला कोणी शिवत नसे. ती माझ्याजवळून जाताना तोंड फिरवून जाई. ते मला योग्यच वाटे.

दरम्यान सखाने मला ओट्यावरून आत नेले. माझ्यापुढे आडोसा म्हणून लुगड्याच्या तुकड्याचा पडदा लावला. आता चंद्रकलाबाई स्वतः दांडी जुळवत आणि आकडा कागदावर लिहीत. तो ज्या बाईचा असे, तिने विचारले तरच हळू आवाजात सांगत.

सातवा महिना संपत आला होता. हौशी तपासून झाल्यावर निघाली आणि पडद्यापाशी थांबली. "बाई, वजन न घेता तुमचा काही अडते का?"

चंद्रकलाबाई खरे बोलल्या. "अडतं थोडं. शेवटच्या महिन्यांत वजन कसं वाढतंय ते कळलं, तर धोका लवकर दिसतो."

ती पडद्याच्या आत आली. मग चपला काढून माझ्यावर चढली. डोळे मिटून घेतले होते तिने. मी जपून दांडी पेलली. मला तिला सांगायचे होते की मी शरमलो आहे, पण काट्याला तेवढी वाचा कुठली? मी फक्त नीट आकडा दिला. त्यानंतर दर आठवड्याला ती माझ्यावर उभी राहू लागली.

आठवा महिना भरताना एका सोमवारी दांडी मागच्यापेक्षा बरीच पुढे गेली. आठ दिवसांत सात रत्तल. चंद्रकलाबाईंनी वजन मागे घेऊन पुन्हा जुळवले. तेच आले.

हौशीचा चेहरा उतरला. "देवाशपथ बाई, मी जास्तीचा काही खाल्ला नाय. घरी विचारा."

"तू खाल्लं असं कोण म्हणतंय? बस इथं." बाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो लवकर भरून आला नाही. "डोकं दुखतं?"

"कालपासून. डोळ्यांपुढं चमकते पण."

रक्तदाब फार वाढलेला निघाला. डॉक्टरांनी सरकारी जीप मागवली. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात जायचे होते. सखाने मागाहून सांगितले, जीपमध्ये चढवताना हौशी चंद्रकलाबाईंचा हात सोडीना. बाईही तशाच, अंगावरच्या कपड्यांनिशी, शेजारी बसल्या. पुंजा मास्तर पुढे, चालकाशेजारी बसले, पण रस्त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ते सारखे मागे वळून बघत होते.

ते दिवस मला फार लांब गेले. आठव्या दिवशी चंद्रकलाबाई परतल्या. ओट्यावर सखा केर काढत होता. "मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "पोट चिरावं लागलं. मुलगी लहान आहे, पण दूध ओढते. हौशीही वाचली. आणखी चार दिवस गेले असते, तर दोघी हातच्या गेल्या असत्या." सखा पायरीवर बसला आणि त्याने टोपीत तोंड लपवले.

सगळे म्हणाले, काट्याने जीव वाचवला. मला ते ऐकवेना. खरे तर तिला वाचवले ते तिच्या मागे घरापर्यंत गेलेल्या नर्सबाईंनी, आणि माझ्यावर पुन्हा चढायचे धाडस करणाऱ्या तिने स्वतः. माझ्याच ओट्यावर ती आधी इतकी खजील झाली होती की उपाशी राहू लागली.

आणि आणखी एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. त्या ओट्यावर मी तीन वर्षे होतो. हौशीच्या आधीही किती जणींचे आकडे असे ओरडले गेले. कोणी फार जड होती, कोणी लाजिरवाणी हलकी. त्यांतल्या काही खाली मान घालून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या मागे कोणी गेले नाही. त्यांचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. वजने मात्र सगळी आठवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, शेजारात कोणी अंगाने जड असेल, कोणी हडकुळे असेल, तर त्याच्या शरीराचा आकडा चारचौघांत बोलू नका. मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. गंजलो तरी चालेल. पण जी भीत भीत माझ्यावर पाय ठेवते, तिचा आकडा न पाहता तेवढा वेळ पाठ फिरवून उभे राहा.