आकाशातला बांध

माझं पहिलं साम्राज्य एकसष्टाव्या फेरीत बुडालं, आणि बुडताना ते फार देखणं होतं. राजधानीत मी बारा कारखाने, दोन विद्यापीठं आणि एक बाग बांधली होती. फक्त राजधानी सोडून दुसरं काही घ्यायचं राहून गेलं. सोमेशची जहाजं आली आणि अर्ध्या मिनिटात सगळं त्याचं झालं.

"बाग कशाला बांधलीस गं?" त्यानं विचारलं.

"चांगली दिसत होती," मी म्हटलं. यावर तिघंही इतके हसले की खालच्या पानपट्टीवाल्यानं मान वर करून बघितलं.

ही २००३च्या मे महिन्यातली गोष्ट. नववीची परीक्षा संपली होती आणि शाहूपुरीतल्या बाळासो सरांच्या कॉम्प्युटर क्लासला आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझं नाव घातलं होतं. मुलींची बॅच सकाळी आठला, टायपिंगची. पण खरी मजा संध्याकाळी चार ते सहा चालायची, कोपऱ्यातल्या एकाच कॉम्प्युटरवर. सोमेशच्या पुण्यातल्या आत्तेभावानं त्याला एक सीडी दिली होती. तिच्यावर मार्करनं नुसतं "स्पेस" लिहिलेलं. चौघांनी खेळायचं, चौघांची चार साम्राज्यं. एकानं आपली खेळी खेळायची, तोवर उरलेल्या तिघांनी गॅलरीत जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं, म्हणजे दुसऱ्याचं काही दिसू नये. शंभर फेऱ्यांचा एक डाव आठवडाभर चालायचा.

नियम सोमेशनंच केला होता, की जो चौथा येईल तो उठायचा आणि बाहेर वाट बघणारा आत यायचा. तशी मी उठले आणि बाहेर थांबलेला गुंडू बसला. पण आठवड्यानं गुंडू गावच्या जत्रेला गेला आणि खुर्ची पुन्हा रिकामी झाली. मी लगेच सरांकडं गेले.

सरांनी चष्म्यावरनं बघितलं. "हे बघ रक्षिता, संध्याकाळी मुलींची बॅच न्हाय. खुर्ची हाय तोवर ये. आता चौथी आलीस तर सकाळी यायचं, गप टायपिंग करायचं, पुन्हा विचारायचं न्हाय. चालतंय?"

"चालतंय की," मी म्हटलं. टायपिंग म्हणजे एक बोट एका अक्षरावर ठेवून आयुष्य काढायचं. इकडं अख्खं आकाश होतं.

या डावात मला तारा मिळाला तोही कोपऱ्यातला, तीन ग्रह, त्यातला एक नुसता दगड. शेजारी सोमेश. पलीकडं यशराज, त्याचा सगळा जीव व्यापारात. आणि सोमेशच्या पाठीमागं कृष्णात. तो शाहूवाडीकडचा, सुट्टीपुरता काकांकडं राहायला आलेला. दिवसभरात चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन "बघू की" असायची. सोमेशची पद्धत एकच होती. पहिल्या वीस फेऱ्यांत लांबलांबचे मोठे ग्रह पकडायचे आणि मग नुसती लढाऊ जहाजं बांधत सुटायचं. त्याच्याशी लढायची माझी ऐपत नव्हती, आणि न लढता वाढायला माझ्या बाजूला जागा नव्हती. तिसाव्या फेरीला माझे दोनच ग्रह होते. चौथी येणार हे मला दिसत होतं, आणि गॅलरीतल्या सगळ्यांनाच दिसत असणार, कारण यशराज मला उगाचच वडापाव देऊ करायला लागला होता.

त्या शनिवारी आम्ही शिरोळला मामाकडं गेलो. चनबसाप्पा मामाचं रान नदीकडच्या अंगाला आहे. मी सकाळी त्याच्याबरोबर गेले, तर मामा बांधावर उभा राहून पावलं मोजत होता. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

"काय झालं मामा?"

"झालं काय, आपला बांध बारीक झाला." पलीकडं ज्ञानूअण्णाचं रान होतं. "दरसाली नांगरताना एक तास, म्हंजे नांगराची एक ओळ, इकडं सरकतो ह्यो. किती, तर चार बोटं. चार बोटांसाठी भांडायला गेलं तर गावच हसतंय. म्हणून आम्ही गप. धा वर्सात बघ आता, बैलगाडी जायची हितनं, आता शेळी जाईना."

"मग मोजणी आण की सरकारी."

"आणली की गेल्या साली. तारीख पडली तसं ह्या बहाद्दरानं पार बांधाला खेटून ऊस लावला. मोजणीदार आला, बघितलं, म्हणाला उभ्या उसात साखळी कुठं टाकू. गेला चहा पिऊन." मामानं ज्ञानूअण्णाच्या उसाकडं बघितलं. "रिकामं रान असतं तर मोजलं असतं. पेरलेल्यात कोण शिरतंय?"

मामाला खरंच वाईट वाटत होतं, आणि मला तिथं बांधावर उभ्या उभ्या आनंद होत होता. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा फारशी वाटली नाही. मला एकदम माझं आकाश दिसलं.

गेममध्ये चौकी नावाची एक फालतू गोष्ट होती. एक छोटं जहाज पाठवायचं आणि एखाद्या ओसाड दगडावर खांब रोवायचा. माणसं नाहीत, कारखाना नाही. पण तेवढं आकाश आपलं होतं आणि दुसऱ्याला तिथं वस्ती करता येत नाही. मुलं चौक्यांकडं बघायचीसुद्धा नाहीत. शिवाय नकाशावर सगळे तारे पांढरेच दिसायचे. कुठली चौकी कुणाची ते एकेका ठिपक्यावर क्लिक केल्याशिवाय कळत नसे, आणि सोमेश स्वतःच्या जहाजांशिवाय कशावरही क्लिक करत नसे.

सोमवारपासून मी चार-चार बोटं सरकायला लागले. एक चौकी सोमेशच्या हद्दीजवळ. तीन फेऱ्या गप. मग आणखी एक, थोडी पुढं. चाळिसाव्या फेरीत त्याच्याकडनं चुकून क्लिक झालं आणि तिसरी चौकी त्याला दिसली.

"ए, हे काय? हितं तुझी चौकी कशी?"

"एकच हाय की. दगड आहे नुसता."

"हटव."

"मग लढाई कर," मी म्हटलं. लढाई पुकारली की यशराजशी चाललेला त्याचा व्यापार थांबणार होता, कारण यशराजचा माल माझ्या बाजूनं जायचा.

"एका दगडासाठी लढाई करतोस व्हय सोम्या?" यशराज गॅलरीतनं ओरडला. "काय लाज हाय का न्हाय?"

सोमेशनं हात झटकला. "ऱ्हाऊ दे तिला. दगड घेऊन काय करणार हाय?"

त्यानंतर मी अशी सुटले की विचारू नका. गॅलरीत उभी असताना मी रिक्षा मोजायचे आणि पुढची चौकी कुठं ते ठरवायचे. सत्तराव्या फेरीपर्यंत माझ्या अकरा चौक्या झाल्या होत्या, आणि त्यातल्या सात अशा जागी होत्या जिथं सोमेशला कधीतरी वस्ती करायची होती. ते त्याला अजून माहीत नव्हतं.

मधेच एकदा मामा ट्रॅक्टरचा कुठलासा पार्ट न्यायला शाहूपुरीत आला होता. आप्पांच्या दुकानात चहा घेताना मी त्याला सगळं सांगितलं, चौक्या, सोमेश, सगळं. मामानं बशीतला चहा संपवला.

"म्हंजे ह्या डावात ज्ञानू तू हायस," तो म्हणाला.

मला जरा लागलं ते. "मामा, तो गेम आहे."

"व्हय, गेमच की. त्येला बी तसंच वाटत असंल." मग हसला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. "बघ हां. एक दिवस मोजणी येत्याच."

मोजणी आली ती चार फ्लॉपींमधून.

सोमेशला कुठून तरी कळलं होतं की या गेमचा अपडेट आलाय आणि त्यात नवीन लढाऊ जहाजं आहेत, एका दणक्यात ग्रह घेणारी. तेव्हा क्लासमध्ये इंटरनेट नव्हतं. सरांनी कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन तो अपडेट तुकडे करून चार फ्लॉपींवर आणला. तिसरी फ्लॉपी खराब निघाली, म्हणून ते पुन्हा गेले. तोवर एकाहत्तरावी फेरी चालू होती. सोमेश आणि यशराजचं खेळून झालं होतं, माझी आणि कृष्णातची खेळी राहिली होती.

"फेरी संपवा, मग अपडेट टाकतो. चालू डाव तसाच राहतोय," सर म्हणाले आणि तोवर उतरवून ठेवायला फ्लॉप्या एकेक करून आत घालायला लागले. शेवटची घातल्यावर पडद्यावर एक नुसती अक्षरांची फाईल उघडली. इंग्रजी, लांबलचक. अपडेटमध्ये काय काय बदललंय त्याची यादी.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"धडा वाचणार काय आता? बंद कर," सोमेश म्हणाला. "जहाजं हायत ना नवीन? बास."

"बरंच काय काय आहे."

"रक्षे, शाळा सुटली. बंद कर आणि तुझी खेळी खेळ."

कृष्णात म्हणाला, "बघू की." मग तिघंही गॅलरीत गेले. यशराजनं भेळ मागवली होती, ती आली होती.

मी फाईल बंद केली नाही. तीन ओळी शब्दाशब्दानं वाचल्या, कारण माझं इंग्रजी काही फार पळत नाही. पहिली, प्रत्येक साम्राज्याची हद्द आता नकाशावर रंगानं दिसेल. दुसरी, ज्या चौकीवर माणसं नाहीत ती सगळ्यात जवळच्या वस्तीवाल्या शेजाऱ्याची होईल. तिसरी, शेवटचे गुण माणसांवर मोजले जातील, ग्रहांवर नाही.

दुसरी ओळ मी तीनदा वाचली. माझ्या अकराच्या अकरा चौक्या रिकाम्या. सगळ्यांच्या जवळचा शेजारी सोमेश. म्हणजे पाच मिनिटांनी माझं सगळं आकाश त्याच्या पदरात, आणि डाव संपला की सकाळी आठला मी टायपिंगला. पण फेरी अजून संपली नव्हती. एक खेळी माझ्या हातात होती.

पेरलेल्यात कोण शिरतंय.

राजधानीत माझी माणसं होती तेवढी सगळी मी जहाजांत भरली. गेममध्ये माणसं कोटींत मोजायची. प्रत्येक चौकीला दोन-दोन कोटी. चौक्या जवळच्याच, एका फेरीत पोचणाऱ्या. कारखान्यांतली काढली, विद्यापीठातली काढली. नऊ चौक्यांपुरती जहाजं निघाली, दोन चौक्या सोडून द्याव्या लागल्या. राजधानीत उरले चाळीस लाख लोक आणि बारा रिकामे कारखाने. मी बटण दाबलं आणि कृष्णातला हाक मारली.

"लई वेळ लागला," सोमेश गॅलरीतनं म्हणाला. त्याच्या तोंडात भेळ होती.

कृष्णातची खेळी झाली, सरांनी अपडेट टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आम्ही चौघं पडद्यासमोर गर्दी करून उभे. नकाशा उघडला तो रंगीत. सोमेश लाल, यशराज पिवळा, कृष्णात निळा, मी हिरवी. लालच्या कडेला हिरवं असं घुसलं होतं, जसं भिंतीत पिंपळाचं मूळ घुसतं.

"हे काय?" सोमेशनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे माझं हाय की."

"होतं," मी म्हटलं.

"कधी घेतलंस?"

"रोज थोडं थोडं."

यशराज भेळेचा कागद हातात धरून खाली बसला आणि हसायला लागला. बाळासो सर म्हणाले, "अरे, ही पोरगी कुणाची?" आणि मग स्वतःच हसले. माझे कान गरम झाले होते. त्या दिवशी मी घरी चालत गेले की उडत गेले ते मला आठवत नाही.

पण सोमेशही सोमेशच होता. दुसऱ्या दिवशी त्यानं लढाई पुकारली. यशराजचा व्यापार बुडाला तरी चालेल म्हणाला. माझ्या वस्त्या एकेक करून घ्यायला त्याला वेळ लागला असता, म्हणून त्यानं सगळी जहाजं, नवीन-जुनी, एकत्र केली आणि सरळ माझ्या राजधानीकडं निघाला. चौऱ्याऐंशीव्या फेरीला राजधानी पडली. खरं सांगते, वाईट वाटलं. रिकामी असली तरी राजधानी ती राजधानी.

"संपली," सोमेश म्हणाला आणि खुर्चीवर मागं रेलला.

"बघू की," कृष्णात म्हणाला, आणि पुढच्या खेळीत त्यानं पाठीमागून सोमेशचे दोन मोठे ग्रह घेतले, कारण तिथं राखण करायला एकही जहाज उरलं नव्हतं. सोमेशची जहाजं परत फिरायला सहा फेऱ्या लागल्या. तोवर माझ्या नऊ छोट्या वस्त्यांत माणसं वाढत होती. नवीन वस्ती वाढते भराभर, जुन्या गर्दीच्या शहरात तसं होत नाही. सोमेशनं त्यातल्या दोन घेतल्या. सात राहिल्या. मी प्रत्येक फेरीला कागदावर बेरीज करायचे, आणि पंचाण्णवाव्या फेरीपर्यंत ती बेरीज मला चौथी दाखवत होती.

शंभरावी फेरी गुरुवारी पावणेसहाला संपली. पडद्यावर नावं आली. कृष्णात दोनशे बारा कोटी. यशराज एकशे सत्याऐंशी. मग मधे थोडी जागा. रक्षिता एकशे एक्केचाळीस. सोमेश एकशे चौतीस.

मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं.

"राजधानी तर माझ्याकडं हाय की हिची," सोमेश म्हणाला.

"मोजलीय ती. चाळीस लाख," कृष्णात म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य असावं.

"पण सीडी माझी हाय, सर."

"आणि खुर्ची माझी हाय," बाळासो सर म्हणाले. "नियम कुणाचा होता? ऊठ. गुंडू आलाय जत्रेवरनं."

सोमेश उठला. मला वाटलं होतं तो सीडी काढून घेऊन जाईल. त्यानं सीडीच्या ड्रॉवरच्या बटणावर बोट ठेवलं होतं, मी बघितलं. मग ते काढून घेतलं आणि तो गॅलरीत गेला.

गुंडू बसला, नवीन डाव सुरू झाला, पहिली खेळी कृष्णातची. मी, यशराज आणि गुंडू गॅलरीत आलो. आता गॅलरीत चौघं झालो, जरा अडचणच झाली. सोमेश रस्त्याकडं तोंड करून उभा होता, जरी आता त्याला तसं उभं राहायची काही गरज नव्हती. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कारण जागा तेवढीच होती.

थोड्या वेळानं तो रस्त्याकडं बघतच म्हणाला, "पहिल्या फेरीत तू काय करतीस?"

"पहिल्यांदा शेजारी कोण आहे ते बघते."

"आणि मग?"

सांगावं की नाही याचा मी विचार करत होते, तेवढ्यात आतून कृष्णातनं हाक मारली. माझी खेळी आली होती.