दोन डाव्या बाह्या

घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तिथे एकच कायदा होता: मास्तरांच्या हातात कात्री असताना कुणी तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाईक असो की घरचं, सगळे चिडीचूप. सून अकरा वर्षं शेजारच्या मशीनवर बसत होती, पण ते कापत असताना तिने साधी शिंकही दिली नव्हती. आणि कापणं तरी काय! खडूच्या चार रेघा मारायच्या, की कापडाने मुकाट वाट द्यायची.

अशा माणसाने गेल्या महिन्यात एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. मोठ्या रक्तवाहिन्या ठीक होत्या. पण वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने बारीक वाहिन्यांची वाट लागली होती, जागोजागी पांढरे डाग होते आणि मेंदू वयाच्या मानाने जास्तच आकसला होता. "ही डिमेन्शियाची सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "यात बऱ्याचदा आधी कामाचा क्रम सुटतो. डाग जाणार नाहीत, पण रक्तदाब सांभाळलात तर पुढचं नुकसान कमी होईल."

"म्हणजे आटला म्हणायचा. सुती कापडासारखा," मास्तर म्हणाले. कुणी हसेना, तेव्हा स्वतःच हसले.

घरी आल्यावर मुलाने बायकोला आत बोलावलं. "कात्री काढून घे त्यांच्याकडून. लोकांचं कापड वाया जाईल, नाहीतर स्वतःचं बोट तरी. तुझंच ऐकतात ते." मोठा शहाणा! बायकोच्या गळ्यात धोंड अडकवून स्वतः कामावर पसार झाला.

ती दुकानात आली, तर कात्री टेबलावर ठेवलेली, मूठ तिच्याकडे करून.

"घे," मास्तर म्हणाले. "आजार मेंदूला झालाय, कानाला नाही. ऐकलं मी."

ही कात्री उचलली तर या माणसाकडे उरणार काय?

"बाबा, मला नाही जमायचं ते."

"मग असं करू. हा कोट मी कापतो, तू बोल. एकेक पायरी सांग. हाताला सगळं येतं गं, पुढे काय तेवढंच हरवतं."

जन्मभर ज्याने कापताना कुणाचा शब्द खपवून घेतला नाही, तो आज आपणहून शब्द मागत होता. सुनेला त्यांचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

ती सांगत गेली. पाठ. पुढचे दोन भाग. कॉलर. कात्री चालू लागली, तशीच, कुठेही न अडखळता. डावी बाही कापून झाल्यावर मास्तरांनी ती आपल्या डाव्या हातावर टाकून ठेवली. मागच्या चुकीनंतर त्यांनीच शोधलेली ही युक्ती. ते हात बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"आता डावी बाही," ती म्हणाली.

कात्री थांबली. मास्तरांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि बाहीचा कागदी नमुना सावकाश उलटा करून कापडावर ठेवला.

"डावी झाली, सूनबाई," ते म्हणाले. "उद्या तुझाही फोटो काढून आणू."