डाव्या हाताचे बेचाळीस

अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि टेलरचा उजवा हात खांद्याला नुसता लटकत राहिला. चाळीस वर्षं ज्या बोटांनी सुईत दोरा ओवला, त्यांना आता चमचा धरवेना. फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्याला एक स्वस्तातला कॅमेरा घरी दिला. तो टेबलाला अडकवायचा, त्याच्याखाली हात पालथा धरायचा आणि टीव्हीच्या पडद्यावरची फळं चिमटीत पकडून टोपलीत टाकायची. पाच मिनिटांत जितकी फळं, तितके गुण. ते आपोआप मॅडमकडे पोचत.

पहिला आठवडाभर सातच्या वर गाडी सरकेना. बायको शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि म्हणायची, "असू दे हो, सात काही कमी नाहीत." ते "असू दे" त्याला शिवीपेक्षा झोंबायचं.

एका सकाळी ती दूध आणायला गेली, तेव्हा याने डावा हात उताणा करून कॅमेऱ्याखाली धरला. कापडाची उलट-सुलट बाजू ओळखण्यात जन्म गेलेला माणूस! उताणा डावा वरून पालथ्या उजव्यासारखाच दिसतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कॅमेरा बिचारा फसला. बेचाळीस आले.

बायको परतली, आकडा पाहिला आणि दुधाची पिशवी हातात धरूनच रडायला लागली. आता कुठल्या तोंडाने सांगणार? दुसऱ्या दिवसापासून "कुणी बघत असलं की जमत नाही" म्हणून त्याने दार लावून घ्यायला सुरुवात केली. महिनाभर डावा हात फळं तोडत होता आणि उजवा मांडीवर पडून होता. ज्याला बरं करायचं, तोच उपाशी.

महिन्याने दोघं तपासणीला गेले. बायकोने बाकावरच्या चार अनोळखी माणसांना बेचाळीसची गोष्ट सांगून टाकली होती. टेलर बुटांकडे बघत बसला.

"काका, कमाल केलीत!" मॅडम म्हणाल्या. "तुमच्यावरून मी सगळ्यांना चाळीसचं लक्ष्य दिलं. पण तुमच्यासारखाच हात गेलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी काल कॅमेरा परत केला. म्हणाल्या, त्या टेलरचा हात महिन्यात सुटतो, म्हणजे मीच आळशी. आता त्यांना व्यायामच नकोय."

टेलरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोसमोर बोलायचं म्हणजे जीव जायची वेळ. पण न बोलणं त्याहून वाईट होतं.

"मॅडम, तो माझा डावा हात होता," तो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

बायकोने त्याचा उजवा हात उचलला, बोटं एकेक करून उघडून पाहिली आणि हात परत त्याच्या मांडीवर ठेवला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

मॅडमनी फोन लावून त्याच्यापुढे धरला. "त्या बाईंना तुम्हीच सांगा."

"बाई, मी टेलर बोलतोय. ते बेचाळीस खोटे होते. डाव्या हाताचे. उजव्याचे सातच."



"सात?"

"हो, बाई. सात."

"माझे अकरा येत होते हो," बाई म्हणाल्या. "रोज अकरा. आणि मला त्यांची लाज वाटायची."